होळीच्या दोन दिवस आधी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं भूगोल शिकलो. गुरुजी नकाशा भिंतीला टांगत नसत, वर्गाच्या फरशीवर अंथरत आणि आम्हाला भोवती बसवत. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते हे पाठ करायला त्यांनी कधी सांगितलं नाही. दख्खनच्या बाकी मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना हिलाच पश्चिमेला जावंसं का वाटलं, असं विचारून ते गप्प बसत. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. आजचं व्याख्यान त्या उत्तराच्याच वाटेवरचं आहे.

सुरुवात मात्र माझ्या आजीपासून करतो. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं धाब्याचं घर होतं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. सन आणि तारीख हे शब्द तिच्या बोलण्यात नसत. कुणाचा जन्म पोळ्याला झालेला, कुणाचं लग्न ज्या वर्षी तापीला मोठा पूर आला त्या वर्षीचं, असा तिचा हिशोब. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची एक गोष्ट ती नेहमी सांगायची. होळी दोन दिवसांवर आली होती. सकाळी तिनं चूल पेटवून हंडा ठेवला होता. "धरतीमाय हालनी," ती म्हणायची, "नि हंडा खाले पडना." गोठ्यातली म्हैस दावं तोडून अंगणात आली. सासरे ओट्यावरून ओरडले, सगळे बाहेर पळाले. आत गेल्यावर पाहिलं तर मधल्या घराच्या भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी भेग पडली होती.

लहानपणी ही गोष्ट मी गोष्ट म्हणूनच ऐकली. पुढे भूशास्त्र शिकायला गेलो, तेव्हा देशातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत एका ओळीवर माझी नजर थांबली. 14 मार्च 1938, सातपुडा, महत्ता 6.3. भारतीय वेळेनुसार सकाळी सव्वासहाच्या सुमारास. मी जुनं पंचांग काढून पाहिलं. फाल्गुन पौर्णिमा 16 मार्चला होती. आजीचा हिशोब एका दिवसानंसुद्धा चुकलेला नव्हता.

श्रोतेहो, 6.3 हा आकडा लक्षात ठेवा. महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. त्या भूकंपाची महत्ता होती 6.2. म्हणजे आपल्या सातपुड्यातला भूकंप किल्लारीच्या तोडीचा होता, कदाचित केसभर मोठाच. किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली. 1938 चा भूकंप मात्र खान्देशातल्या बहुतेकांना ठाऊकसुद्धा नाही. या सभागृहातही हे पहिल्यांदाच ऐकणारे पुष्कळ असतील आणि त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या भूकंपात माणसं मरत नाहीत, तो लोकांच्या आठवणीत टिकत नाही. मला मात्र हे विसरणं धोक्याचं वाटतं आणि का वाटतं ते आज सांगायचं आहे.

तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालेलं, खेड्यात भरलेलं पहिलं. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुऱ्याला, तेही तापीच्याच काठी, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली दुसरं भरलं. ते उठून तीन आठवडे होतात न होतात तोच जमीन हादरली. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवर ते दिवस भोंगऱ्या बाजाराचे, म्हणजे ढोल दुरुस्त करायचे, नवे कपडे घ्यायचे. तिकडे युरोपात हिटलरची फौज दोनच दिवसांपूर्वी ऑस्ट्रियात शिरली होती. जगाचं लक्ष तिथं होतं.

जमिनीवर लक्ष ठेवून होतं ते मुंबईतलं कुलाब्याच्या वेधशाळेचं भूकंपमापक यंत्र. या यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मोजणं म्हणजे काय हे त्याच्याशिवाय कळत नाही. जमीन हलते आहे हे मोजायचं तर स्वतः न हलणारी एक जागा हवी आणि जमिनीवर तर सगळंच हलतं. जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञानं जपानमध्ये राहून यावर जो मार्ग काढला, तो तुमच्या घरच्या झोपाळ्याइतका साधा आहे. जड वस्तू अशी टांगायची की तिला जागेवरून हलायला वेळ लागावा. जमिनीनं झटका दिला की चौकट हलते, कड्या हलतात, पण जडपणामुळे ती वस्तू क्षणभर जागच्या जागीच राहते. चौकट आणि ती वस्तू यांच्यातला फरक फिरत्या कागदावर उतरवला की जमिनीची हालचाल हाती आली. आपल्याकडे अशी यंत्रं 1898 च्या सुमारास आली, कलकत्त्याजवळ अलिपूरला आणि मुंबईत कुलाब्याला. कुलाब्याचे तेव्हाचे प्रमुख नानाभाय मूस. कुलाब्याच्या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक.

आता हा कागद वाचायचा कसा? भुसावळकरांना हे सांगणं सोपं आहे. लहानपणी आपण रुळाला कान लावायचो. गाडी दिसायच्या आधी, शिट्टी कानावर यायच्या आधी रूळ घुमायला लागायचा, कारण लोखंडातून आवाज हवेपेक्षा लवकर पोचतो. भूकंपातूनही दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली पुढे-मागे ढकलत येते, ती जलद. दुसरी आडवी हिसके देत येते, ती मागून. दोघींमध्ये जितकं अंतर पडलं, तितका भूकंप दूर. मधल्या सेकंदांना आठानं गुणलं की ढोबळमानानं किलोमीटर मिळतात. सातपुड्यातून कुलाब्यापर्यंत साडेतीनशे-चारशे किलोमीटर धरा, म्हणजे पहिल्या लाटेनंतर पाऊणएक मिनिटानं दुसरी पोचायला हवी. या दोन लाटा नोंदींवर वेगळ्या ओळखून दाखवल्या त्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. 12 जून 1897 चा आसामचा प्रचंड भूकंप त्यांनी अभ्यासला, तेव्हा स्टेशनमास्तर आणि तारमास्तर यांच्या घड्याळांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम यांनी भारतातल्या भूकंपांची पहिली मोठी सूची तयार केली. ती 1883 मध्ये छापली गेली. सूची म्हणजे काय, तर कुणाचं पत्र, कुणाची रोजनिशी, कुणाच्या छावणीत पडलेली भिंत. आजीच्या गोष्टीसारख्याच गोष्टी.

सातपुड्याच्या भूकंपाचा अभ्यास एस. एम. मुखर्जी यांनी 1942 साली प्रसिद्ध केला. भूकंप जिथं उगम पावला ती जागा जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटर खोल असल्याचं त्यातून पुढे आलं. किल्लारीचा उगम होता दहा किलोमीटरच्या आत. सारा फरक इथं आहे. 40 किलोमीटर खडकातून वर येताना लाटा दूरवर पसरल्या, त्यामुळे भूकंप जाणवला फार मोठ्या मुलखात, पण एका गावावर त्याचा सगळा भार आला नाही. किल्लारीत तो भार थेट पायाखालून, मोजक्या गावांवर आला.

आणि म्हणून मला मराठी वर्तमानपत्रांशी एक भांडण आहे. ते प्रेमाचं आहे, पण भांडणच आहे. "4.2 रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप" असं आपण रोज वाचतो. रिश्टर स्केल ही मोजपट्टी आहे, किलो किंवा लिटर नव्हे. "दोन मोजपट्टी कापड द्या" असं आपण दुकानात म्हणत नाही. त्याहून मोठी चूक आहे तीव्रता या शब्दाची. भूकंपाला दोन मापं असतात. एक महत्ता, म्हणजे उगमाशी किती मोठी घटना घडली ते. हे माप भूकंपागणिक एकच. दुसरं तीव्रता, म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या घरात काय झालं ते. हे गावागणिक वेगळं. एकाच भूकंपात चोपड्याची तीव्रता वेगळी, धुळ्याची वेगळी, मुंबईची त्याहून वेगळी. दिव्याचे वॅट एकदाच मोजायचे, पण उजेड प्रत्येक खोलीत वेगळा पडतो.

महत्तेची पट्टी चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये कॅलिफोर्नियासाठी बसवली. पट्टीवर एक अंक वर गेला की कागदावरची रेघ दहापट उंच होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. दोन अंक वर गेले की ऊर्जा हजारपट. म्हणजे 4 आणि 6 यांत दुप्पट-तिप्पट असा हिशोब नाही. आज मोठ्या भूकंपांसाठी रिश्टरचं मूळ सूत्र वापरत नाहीत. खडक किती लांब-रुंद फाटला आणि किती सरकला यावरून माप काढतात. त्यात जपानचे हिरो कानामोरी आणि अमेरिकेचे टॉम हँक्स यांचं काम आहे, 1979 च्या सुमाराचं. रिश्टरचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, त्याला माझी हरकत नाही.

तीव्रतेची पट्टी बारा पायऱ्यांची, इटलीच्या मर्काली यांच्या नावानं ओळखली जाणारी. तिला यंत्र लागत नाही. टांगलेली वस्तू हलली का, झोपलेला माणूस जागा झाला का, भांडी पडली का, गिलावा सुटला का, मातीच्या भिंतीला भेग गेली का, असं विचारत पायरी ठरवायची. हंडा खाली, म्हैस बाहेर, भिंतीला तिरपी भेग. आजीच्या तीन वाक्यांवरून मी तिच्या गावाला सहावी, फार तर सातवी पायरी देऊ शकतो. शाळेत न गेलेली बाई एका शास्त्रीय नकाशावरचा एक बिंदू होऊ शकते, हे मला आजही थक्क करतं.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळतो. तापी पश्चिमेला जाते, कारण सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांमधली जमीन खचलेली आहे. शोण, नर्मदा आणि तापी यांच्या काठाकाठानं भारतीय कवचात एक जुनी दुखावलेली पट्टी गेली आहे. खालच्या खडकात प्रस्तरभंग आहेत, म्हणजे ज्यांवरून एक बाजू दुसऱ्या बाजूला घासून सरकते अशा भेगा. धुळ्याहून साक्रीकडे, दोंडाईच्याकडे जाताना माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ज्या फटींतून वर आला, त्या फटींत तो थिजला. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. अशा शेकडो भिंती आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, तापी जाते त्याच दिशेनं. जमीन कुठून फाटायची हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याला या भिंती चांगल्या ठाऊक असतात, कारण त्या पाणी अडवतात. दुसरी खूण अडावदजवळच्या उनपदेवची. देवळाजवळ बारमाही गरम पाणी येतं, लोक त्वचारोगासाठी आंघोळीला जातात. पावसाचं पाणी खोल जाऊन, तापून पुन्हा वर यायचं तर त्याला खोल भेग लागते. आजीचं घर तिथून दूर नव्हतं.

या पट्टीवर 1938 च्या आधी 2 जून 1927 ला शोण खोऱ्यात मोठा भूकंप झाला. 23 मार्च 1970 ला भरूचला झाला, महत्ता 5.4 च असून पंचवीसहून अधिक माणसं गेली. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला झाला, महत्ता 5.8, तोही आपल्या सातपुड्याच्या भूकंपासारखाच खोल, सुमारे 35 किलोमीटरचा. या ओळीत पुढचा कधी आणि कुठं, हे कुणालाही सांगता येत नाही. सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खान्देश भूकंपाच्या मुलखात येतो एवढं मात्र नक्की आणि भारतीय मानक संस्थेच्या 2002 च्या भूकंप-विभागांच्या नकाशात तापीचा पट्टा तिसऱ्या विभागात आहे.

नकाशांचंही एक दुःख आहे. दख्खनचं पठार घट्ट आणि निर्धोक, असं आम्हाला पाठ्यपुस्तकात शिकवलं होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कोयनेचा विभाग बदलला. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. 1993 नंतर तिचा विभाग बदलला. आमचे नकाशे माणसं मेल्यावर शहाणे होतात. हे मी रागानं बोलतो आहे, कारण किल्लारीनं आधी सांगितलं होतं. 1992 च्या ऑगस्टपासून तिथं जमीन गुरगुरत होती, 18 ऑक्टोबरला चांगला जोराचा धक्का बसला होता. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग घरात परतले. पुढल्या वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून दमलेलं गाव झोपलं आणि पहाटे चारच्या आत भिंती अंगावर आल्या.

किल्लारीत मी नंतर गेलो होतो. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत बसवलेल्या दगडांच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं जड माळवद, दर पावसाळ्याआधी आणखी एक थर टाकलेलं. काही घरांत एक गोष्ट मला विलक्षण वाटली. भिंती चारी बाजूंना पसरल्या होत्या, पण सागवानी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. खणाची चौकट टिकली, भिंत टिकली नाही. गुंडे एकमेकांना बांधलेले नव्हते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला जोडणारा लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी घातलाच नव्हता. पुढं 52 गावं संपूर्ण नव्या जागी वसवली गेली. पण महाराष्ट्रभर, आपल्या खान्देशातही, तशाच भिंती आजही उभ्या आहेत.

आणि नव्या घरांचं काय? 26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूज हादरलं, तेव्हा आम्ही झेंडावंदनाला उभे होतो. काही क्षणांनी मैदानाकडेच्या इमारतीचे पंखे झुलू लागले, काहींना चक्कर आल्यासारखं वाटलं. कच्छपासून इतक्या दूर. त्या दिवशी अहमदाबादेत शेकडो माणसं गेली, तापीच्या मुखावरच्या सुरतेतही इमारती कोसळल्या. अहमदाबाद भुजपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर. तिथं ज्या कोसळल्या त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता, खाली नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले. वरचा भाग एका ठोकळ्यासारखा हलतो आणि सगळा ताण त्या उघड्या खांबांवर येतो. जळगाव, धुळे, भुसावळ इथं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या गल्ल्या आठवून पाहा. त्यात तापी-पूर्णेकाठच्या पट्ट्यात खडक शेकडो फूट खाली आहे आणि वर गाळ. गाळावर लाटा मंदावतात आणि उंचावतात. कणखर खडकावरच्या घराला जो धक्का जेमतेम जाणवेल, तोच गाळावरच्या घराला जोरानं हलवतो.

आमचं चोपड्याकडचं घर काही वर्षांपूर्वी पाडायचं ठरलं. पाडायच्या आदल्या दिवशी मी वही आणि टेप घेऊन मधल्या घरात गेलो. कुणीतरी ती तिरपी भेग चुन्यानं भरली होती, नंतर वर्षानुवर्षं शेणामातीनं लिंपली होती. मी खरवडून चुन्याची रेघ मोकळी केली. कोपऱ्याच्या वरच्या टोकापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत ती गेली होती. लांबी मोजली, होकायंत्र लावून दिशा लिहिली, भिंतीची जाडी लिहिली. वहीत वर तारीख घातली 14 मार्च 1938. ती वही आज मी बरोबर आणली आहे. पुढची पानं कोरी आहेत. ज्यांच्या घरी जुनी भिंत आहे, ज्यांच्या आजीनं, पणजीनं होळीच्या आधीचा तो दिवस सांगितला असेल, त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावं. गाव कुठलं, घर कशाचं, काय पडलं, काय वाजलं, तेवढंच सांगावं.

त्याच जागेवर मग नवं घर बांधायला घेतलं. खांबांच्या सळया उभ्या राहत होत्या. सेंट्रिंगवाला मुलगा खाली बसून रिंगा वाकवत होता, टोकं काटकोनात, बाहेरच्या अंगाला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला दाखवलं की टोक काटकोनाच्या पुढं वळवून खांबाच्या पोटात घालायचं असतं. काँक्रीटचा बाहेरचा थर उडाला तरी मग रिंग सुटत नाही, आतलं काँक्रीट धरून ठेवते. त्यानं एक रिंग तशी करून पाहिली, हातात फिरवली.

"वेळ जास्त लागंल," तो म्हणाला. "सगळ्या अशाच करायच्या का?"

"सगळ्या," मी म्हटलं आणि दुसरा पाना उचलला.